रिंगण जागेचं की तराफ्याचं? नाशिकजवळच्या एका जलाशयावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला धरणंच धरणं आहेत. गंगापूर, काश्यपी, गौतमी-गोदावरी, आळंदी एका बाजूला. मुकणे, वालदेवी, दारणा दुसऱ्या बाजूला. पावसाळा सरला की ही सगळी तुडुंब असतात, हवा निवळलेली असते, आणि त्याच सुमारास कार्तिकातली त्रिपुरारी पौर्णिमा येते. शहरात गोदाघाट दिव्यांनी उजळतो. गेल्या काही वर्षांत ही हौस घाटावरून जलाशयांच्या काठांवरही पोचली आहे.

हे प्रकरण अशाच एका जलाशयाचं आहे. जलाशयाचं, गावाचं आणि मंडळाचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पाण्यावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण देणारा म्हणून मला कार्यक्रमानंतरच्या आढावा बैठकीला बोलावलं होतं. तिथे वाचलेल्या नोंदी आणि नंतर आयोजक, बोटचालक, पोलीस व मच्छीमार यांच्याशी झालेलं बोलणं यांतून हे उभं राहिलं आहे.

कार्यक्रम साधा होता. प्लास्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवून तयार होतो तसला तरंगता तराफा पाण्यात नांगरायचा, त्यावर गायक आणि साथीदार बसवायचे, कडेने पणत्या लावायच्या, आणि लोकांनी काठावरून ऐकायचं. आतषबाजीचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत जलसंपदा विभागाने फेटाळला, कारण हे पिण्याचं पाणी आहे. त्यावर फारशी चर्चा झाली नाही आणि व्हायला नकोच होती.

अडचण काठावरच्या लोकांची नव्हती. त्या जलाशयावर खासगी पर्यटन बोटी चालतात. चालकांनी ‘तराफ्याजवळून मैफल’ अशी तिकिटं आधीच विकायला सुरुवात केली होती. शिवाय मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद रोज संध्याकाळी जाळी लावायला पाण्यात उतरतात. कुणाकडे होडी असते, कुणाकडे थर्माकोलचा छोटा तराफा, तर काही जण ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत जातात. ट्यूबवरच्या माणसाकडे दिवा नसतो, भोंगा नसतो, आणि अंधारात तो पाण्यावर जेमतेम छातीएवढाच दिसतो.

प्रश्न

तराफ्याजवळ कुणाला, किती आणि कधी येऊ द्यायचं, हा मूळ प्रश्न. त्याच्या पोटात तीन धोके होते. मोटरबोट तराफ्यावर आदळली तर तराफ्यावरची माणसं, वाद्यं, बॅटऱ्या, तेलाच्या पणत्या सगळं एका झटक्यात घसरेल. दुसरा धोका प्रेक्षकांच्या बोटींचाच: मैफल एका बाजूला, म्हणून सगळे त्याच बाजूला फोटो काढायला उठतील. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात ‘जलकन्यका’ ही पर्यटन बोट उलटून ४५ जण गेले. प्राणी बघायला प्रवासी एका अंगाला सरकल्याचं त्या दुर्घटनेबाबत तेव्हापासून सांगितलं जातं. तिसरा धोका सर्वांत कमी बोलला गेला. बोटी तराफ्यापासून दूर लोटल्या की त्या कुठेतरी जाणारच, आणि जिथे जाणार तिथे ट्यूबवरचा माणूस असणार.

विचारात घेतलेले पर्याय

पोलिसांचं पहिलं मत होतं की त्या संध्याकाळी पूर्ण जलाशय बंद ठेवावा. कागदावर हे सर्वांत सोपं. पण पाण्याला फाटक नसतं. काठ कित्येक किलोमीटरचा, पाड्यांवरून पाण्यात उतरणाऱ्या वाटा अनेक, आणि बंदोबस्ताला मिळणारे कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. जी बंदी पाळून घेता येत नाही, ती घातली की लोक दिवा विझवून येतात. म्हणजे धोका आहे तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

आयोजकांना उलट टोक आवडत होतं: बोटचालकांची बैठक घ्यावी, समजावून सांगावं, बाकी त्यांच्या विवेकावर सोडावं. पण तिकिटं विकली गेली होती. ‘जवळून’ ऐकवण्याचे पैसे घेतलेला चालक शेजारची बोट पुढे सरकली की मागे थांबणार नाही.

मधला पर्याय तराफ्याभोवतीच्या तात्पुरत्या सुरक्षा क्षेत्राचा. बैठकांत सगळे त्याला रिंगण म्हणू लागले. ही काही नवी कल्पना नाही. समुद्रातल्या तेलविहिरींच्या मचाणांभोवती ५०० मीटरपर्यंत असं क्षेत्र आखायची मुभा संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याच्या करारात आहे. अमेरिकेत नौदलाच्या मोठ्या जहाजांभोवती दोन कडी असतात. ५०० यार्डांच्या आत वेग किमान ठेवायचा, आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय जायचंच नाही. या दोन उदाहरणांत एक फरक आहे. मचाण जागेवर उभं असतं, म्हणून त्याचं क्षेत्रही जागेवर असतं. जहाज चालतं, म्हणून त्याचं क्षेत्र त्याच्याबरोबर चालतं. पहिल्या वर्षीच्या एकाही बैठकीत या फरकाचा उल्लेख झालेला नोंदींत सापडत नाही.

रिंगण किती मोठं?

आयोजकांनी ३० मीटर सुचवलं होतं. अग्निशमन दलातल्या एका अनुभवी जवानाने तिथेच हिशेब मांडला. मोटरबोट ताशी २० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला साडेपाच मीटर कापते. ३० मीटर संपायला साडेपाच सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात गस्तीच्या माणसाने बोट बघायची, ती वळणार नाही हे ओळखायचं, शिट्टी मारायची आणि आपली बोट आडवी घालायची. हे होणं नाही. १०० मीटरला १८ सेकंद मिळतात. तीही काही फार नाहीत, पण निदान भोंगा दोनदा वाजतो. अंतर अंदाजाने न ठरवता वेळेवरून ठरवण्याची ही रीत मला या प्रकरणातली फार मोलाची गोष्ट वाटते.

मग नांगराचा मुद्दा आला. तिथे पाणी सुमारे ११ मीटर खोल. नांगर धरून राहावा म्हणून दोर खोलीच्या निदान तीन ते पाच पट सोडावा लागतो. म्हणजे एकाच नांगरावर तराफा ठेवला तर वारा फिरेल तसा तो ४०-५० मीटरच्या दोरावर गोल फिरत राहणार. सूर्य मावळला की त्या भागात डोंगराकडून वारा सुटतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. मग १०० मीटर मोजायचे कुठून? पर्याय दोनच होते: रिंगण आणखी वाढवायचं किंवा चारही कोपऱ्यांना नांगर टाकून तराफा जखडायचा. दुसरं खर्चिक होतं. त्यावर बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तेच ठरलं.

पण १०० मीटरचं पूर्ण वर्तुळ नकाशावर काढलं आणि नवी अडचण दिसली. त्या जागी जलाशय अरुंद होता. वर्तुळ आणि पलीकडचा काठ यांच्यात एक पट्टी उरत होती, आणि त्या पट्टीत बुडालेल्या बाभळींची खोडं उभी होती. रिंगणाबाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाला आपण त्या खोडांवर लोटणार होतो.

हे बैठकीतल्या कुठल्याही अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. मच्छीमार संस्थेचे एक वयस्कर सभासद, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते दाराजवळ बसले होते. नकाशा त्यांच्यासमोर आला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, इकडून येऊ नका म्हणता, ते कळलं. आता कुठून जायचं ते सांगा. तिकडं खोडं हायेत. ट्यूब फाटली की माणूस गेला.”

प्रांताधिकारी कार्यालयाच्या प्रतिनिधीने विचारलं, “तात्या, मग तुम्हीच सांगा, तराफा कुठे हवा?”

तात्यांनी बोट ठेवलं ते आयोजकांच्या काठाजवळ, ठरलेल्या जागेपेक्षा बरंच अलीकडे. तसं केल्यावर रिंगणाचा जवळजवळ अर्धा भाग काठावरच्या जमिनीवर गेला, पाण्यात अर्धचंद्र उरला, आणि पलीकडे खोडं टाळून जाणारी मोकळी वाट मिळाली. लोकांना गाणंही जवळून ऐकू येणार होतं. मंडळाला तराफा ‘मध्यभागी’ दिसायला हवा होता, म्हणून थोडी नाराजी झाली. या प्रकरणात सर्वाधिक धोका याच एका हलवण्याने कमी झाला, असं माझं मत आहे.

केलेली कार्यवाही

आदेश उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढला, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४४ च्या जागी आलेल्या कलमाखाली. संध्याकाळी ५ ते रात्री ९, ‘तराफा नांगरलेल्या जागेपासून १०० मीटरच्या आत’ परवानगीशिवाय कोणतंही जलवाहन नेऊ नये, असा मजकूर. त्याबाहेर आणखी ५० मीटरचा पट्टा मंद वेगाचा. मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे कारवाई.

सीमा आखायला आधी नायलॉनचा दोर आणि त्याला बांधलेले तरंग सुचवले गेले होते. चालकांनी लगेच नकार दिला. पाण्याच्या पृष्ठावरचा दोर रात्री दिसत नाही आणि पंख्यात गुंतला की बोट तिथेच अडकते. म्हणून निळी प्लास्टिकची पिंपं, त्यांना लाल-पांढरी चमकती पट्टी, रस्त्याच्या कामावर लावतात ते सौर लुकलुकते दिवे, आणि खाली वाळूच्या गोण्या. पिंपांमध्ये दोर नाही.

गस्तीला दोन बोटी होत्या. एका बोटीवर मंडळाने मच्छीमार संस्थेतलेच दोन तरुण घेतले, रोज देऊन. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला असते. कुणी बुडत असताना ती उपयोगी पडेल एवढ्या वेळात येऊ शकत नाही. तेव्हा जे करायचं ते पाण्यावर आधीच असलेल्या माणसांनीच, हे गृहीत धरूनच नियोजन झालं. प्रेक्षकांच्या प्रत्येक बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचं, जेट्टीवर तपासणी करायची, ही अट पोलिसांनी घातली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. २०२४ च्या १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळकरी मुलांची बोट उलटली, तिची आठवण बैठकीत निघाली होती. त्यानंतर या अटीवर कुणी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी

मैफलीचा वेळ चांगला गेला. दोनदा बोटी पिंपांच्या आत शिरल्या, दोन्ही वेळा परत फिरल्या. एका बोटीत लोक डाव्या कठड्याशी उभे राहिले आणि बोट कलली. गस्तीवरच्या तरुणाने चालकाला नाव घेऊन हाक मारली, “दादा, आधी माणसं बसव, मग पुढं बघ!” चालकाने ऐकलं. अनोळखी गणवेशाच्या शिट्टीपेक्षा ओळखीच्या आवाजाचा धाक जास्त चालला, हे पोलीस निरीक्षकांनीही आढाव्यात मान्य केलं. मच्छीमार पलीकडच्या वाटेने गेले, जाळी लावून झाली.

परतीचा अर्धा तास

कार्यक्रम सव्वाआठला संपला. आभार मानले गेले. कलाकारांना त्याच रात्री मुंबईला निघायचं होतं. तराफा भाड्याचा होता आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे हवा होता. म्हणून नांगर लगेच उचलायचे आणि तराफा ओढत जेट्टीवर न्यायचा, असं ऐनवेळी ठरलं. एक गस्त बोट नांगर उचलायच्या कामाला लागली. दुसरी कलाकारांना काठावर पोचवायला गेली. पणत्या विझवल्या होत्या. ओढणाऱ्या बोटीला एक दिवा, तराफ्याला एकही नाही. मध्ये सुमारे ३० मीटर दोर.

आदेश अजून लागू होता, नऊ वाजायचे होते. पण तो ‘नांगरलेल्या जागे’भोवती होता. तराफा तिथून निघाला आणि पिंपांचं रिंगण मोकळ्या पाण्याला संरक्षण देत लुकलुकत राहिलं. तराफा मात्र जेट्टीच्या दिशेने, म्हणजे प्रेक्षकांच्या सगळ्या बोटी जिकडे निघाल्या होत्या त्याच दिशेने, उघडा चालला होता.

एका पर्यटन बोटीच्या चालकाला पुढे एक दिवा जाताना दिसला. त्याच्या मागचं पाणी रिकामं आहे असं समजून त्याने बोट त्या मागच्या जागेतून काढली. चांदण्याचा पट्टा पाण्यावर नेमका त्याच्या समोर होता, आणि त्या चमकीत काळा तराफा हरवला. दोर त्या क्षणी सैल होता, पाण्याखाली. मग तो ताणला गेला, वर आला आणि पंख्यात गुंतला. बोट थांबली. तराफ्याला ब्रेक नसतो. तो आपल्या वजनाच्या जोरावर येत राहिला आणि बोटीच्या मागच्या अंगाला धडकला. दोन प्रवासी पाण्यात पडले.

त्यांना प्रथम गाठलं ते गस्तीने नव्हे. जाळी लावून त्याच मोकळ्या वाटेने परतणाऱ्या एका होडीतल्या बापलेकांनी त्यांना धरलं. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. एकाचा खांदा निखळला, दुसरी बाई घाबरली होती पण सुखरूप होती. ओढणाऱ्या बोटीच्या चालकाने प्रसंगावधान राखून दोर कापला, नाहीतर अडकलेली बोट आडवी ओढली गेली असती.

परिणाम

खांदा दुखावलेल्या गृहस्थांच्या उपचारांचा खर्च मंडळाने दिला. बोटचालकावर गुन्हा नोंदवावा की नाही यावर विचार झाला. त्याने आदेशाचं उल्लंघन केलेलंच नव्हतं, कारण तो कोणत्याही बंद क्षेत्रात शिरला नव्हता. हे कळल्यावर बैठकीत शांतता पसरली. तोवर सगळे त्या चालकाच्या बेफिकिरीबद्दल बोलत होते.

पुढच्या वर्षी आदेशातलं एक वाक्य बदललं: ‘तराफा पाण्यावर असेपर्यंत, तो जेथे असेल तेथे, त्याच्या सर्व बाजूंनी’. ओढताना अंतर ५० मीटर, आणि ओढणारी बोट व तराफा यांच्यामधून जायला पूर्ण बंदी. तराफा लांब दोरावर न ओढता बोटीच्या कुशीला बांधून न्यायचा, म्हणजे ‘मध्ये’ अशी जागाच राहत नाही. तराफ्याच्या कडांना दिवे. समुद्रावर हे फार पूर्वीपासून आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंध नियमांनुसार ओढणाऱ्या जहाजाला एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे आणि मागे पिवळा दिवा लावावा लागतो, आणि ओढल्या जाणाऱ्यालाही स्वतःचे दिवे असतात. आपल्या धरणांवर हे नियम शब्दशः लागू करायची गरज नाही. पण ‘माझ्यामागे काहीतरी येतंय’ हे दुसऱ्याला दिसलं पाहिजे, ही त्यामागची समज कुठल्याही पाण्याला लागू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच वर्षी तराफा रात्रभर नांगरलेला ठेवता आला असता. भाड्याचा एक दिवस वाढला असता, एवढंच. हा पर्याय बैठकीत आलाच नाही, कारण नियोजनाच्या कागदावर कार्यक्रम ‘आभारप्रदर्शन’ या ओळीवर संपत होता. पाण्यावरचा कार्यक्रम शेवटची बोट धक्क्याला लागल्यावर संपतो. दुसऱ्या वर्षी तराफा सकाळी हलवायचं ठरलं. तेव्हा तात्यांनी आठवण दिली की पहाटे जाळी उचलतात. म्हणून वेळ नऊनंतरची ठेवली, आणि रात्रीसाठी काठावर राखणदार व तराफ्यावर दिवे.

दुसरा मुद्दा गस्तीचा. गस्तीच्या बोटीला दुसरं कोणतंही काम देऊ नये. कलाकार पोचवायला वेगळी बोट हवी होती. धोका सर्वांत जास्त होता नेमक्या त्या अर्ध्या तासात राखण शून्य झाली. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. ती बोट इंजिनाच्या चाचणीवर होती. तो प्रसंग वेगळा आणि फार मोठा, पण एक गोष्ट तिथेही दिसते: काम करणारी बोट आणि प्रवासी बोट एकाच पाण्यात असतील तर त्यांच्यात अंतर राखण्याची जबाबदारी आधीच कुणाच्या तरी नावावर असावी लागते.

निर्णयाचं तिसरं ठिकाण म्हणजे प्रेक्षकांच्या बोटी आणि तराफा यांचा क्रम. प्रेक्षक आधी जेट्टीला लागू द्यायचे, तीन लांब भोंगे द्यायचे, मगच तराफ्याचा नांगर उचलायचा, हे पहिल्या वर्षी फुकटात करता आलं असतं. २०२६-२७ च्या सिंहस्थात गोदावरीवर बचावाच्या आणि बंदोबस्ताच्या बोटी असतील. त्यांची कामाची जागा, जा-ये आणि परतीची वेळ यांचा विचार त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरच व्हावा, असं मला मनापासून वाटतं. घाटावरची गर्दी ओसरू लागली की बोटीही हलू लागतात, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रिंगणामुळे काही मच्छीमारांना त्या संध्याकाळी नेहमीच्या जागी जाळी लावता आली नाहीत. संस्थेने दोन मागण्या लेखी दिल्या आहेत: बुडालेल्या कमाईचा मोबदला मंडळाच्या खर्चात आधीच धरावा, आणि आदेश निघाला की तो फक्त ग्रामपंचायतीच्या फलकावर न लावता किमान आठवडाभर आधी प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवावा. दुसरी मागणी मान्य झाली आहे. पहिलीवर मंडळ आणि संस्था यांचं बोलणं चालू आहे.